८ लाखांत गाडी घ्यायची, तर आधी मागच्या सीटवर बसून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात धायरीला राहणारं जोडपं, दीड वर्षाची मुलगी, आई-वडील कराडला. दोघंही ऑफिसला कंपनीच्या बसने जातात, म्हणजे गाडी शनिवार-रविवारी शहरात आणि महिन्यातून एकदा गावाला. ऑन-रोड ८ लाखांच्या वर जायचं नाही. नवीन छोटी घ्यावी की तेवढ्याच पैशांत वापरलेली, जरा मोठी? पेट्रोल, सीएनजी की डिझेल? दोघांपैकी एकाने नुकतंच लायसन्स काढलंय, तर ऑटोमॅटिक घ्यावी का? शिवाय वडील म्हणतात गुढीपाडव्याला घ्या, मित्र म्हणतात डिसेंबरमध्ये स्वस्त मिळते.

'भरवशाची गाडी कोणती' असं विचारलंत, पण तुमची खरी अडचण ती नाही. आज बाजारात असलेल्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्या वेळेवर ऑइल बदललं तर लाखभर किलोमीटर मुकाट्याने चालतात. पस्तावतात ते लोक बहुधा गाडी बिघडली म्हणून नाही, तर चुकीचं इंधन घेतलं, सीटवर माणसं मावेनात, पार्किंगमध्ये गाडी जाईना, हप्ता जड झाला म्हणून. म्हणून ब्रँड बाजूला ठेवा आणि आधी वापर मांडा.

कराड जाऊन-येऊन साधारण सव्वातीनशे किलोमीटर. दर आठवड्याला शहरातले ८० धरले तर महिन्याचे साडेसहाशे, वर्षाचे ८,००० च्या आत. हा आकडा लिहून ठेवा, कारण इंधनाचा निर्णय तोच करतो.

डिझेल इथेच बाद. या बजेटात नवीन डिझेल छोटी गाडी जवळपास मिळतच नाही. वापरलेली घ्यायची तर एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या कडक नियमांच्या) डिझेलला धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. तो स्वच्छ व्हायला गाडी सलग वीसेक मिनिटं चांगल्या वेगात पळावी लागते. सिंहगड रोडवर दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो चोंदतो, दिवा लागतो आणि न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं.

सीएनजीचा हिशोब भावनेने करू नका, कागदावर करा. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि सीएनजी ९० रुपये किलो धरू. खरेदीच्या दिवशीचे भाव टाकून पुन्हा मांडा. शहर-हायवे मिळून, एसी लावून, पेट्रोलला १६ चं ॲव्हरेज धरलं तर किलोमीटरला साडेसहा रुपये. सीएनजीला किलोमागे २३ किलोमीटर धरले तर ३ रुपये ९० पैसे. फरक २ रुपये ६० पैशांचा. त्याच मॉडेलची सीएनजी गाडी साधारण ९०,००० रुपयांनी महाग असते. म्हणजे वरचे पैसे वसूल व्हायला जवळजवळ ३५,००० किलोमीटर लागतात, तुमच्या वापरात सव्वाचार वर्षं. रोज खराडी किंवा हिंजवडी करणाऱ्याला, महिन्याला १,५०० किलोमीटरवाल्याला, हेच पैसे दोन वर्षांच्या आत सुटतात. त्याने सीएनजीच घ्यावी. तुम्ही घेऊ नका. वर पंपावरची रांग आहे, दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (दाबाची तपासणी) आहे, आणि डिकी आहे. एकच मोठं सिलिंडर असलेल्या गाडीत बाबागाडी टाकली की बॅगेला जागा नाही. टाटाच्या गाड्यांत ३०-३० लिटरची दोन सिलिंडरं डिकीच्या तळाशी बसवलेली असतात, तिथे बरीच जागा वाचते. पण गावाहून परतताना तांदळाचं पोतं आणि गुळाची ढेप येणारच, हे गृहीत धरून चाला.

आता मुख्य मुद्दा. लहान मूल असलेल्या घरात गाडी मागच्या सीटवरून निवडायची असते. शोरूममध्ये सगळे ड्रायव्हरच्या सीटवर बसतात, स्क्रीनला बोट लावतात आणि भारावून परत येतात. तुम्ही आधी चाइल्ड सीट घ्या, किंवा कुणाची तरी मागून आणा, आणि ती घेऊन शोरूमला जा. सीटवर ईसीई आर-४४ किंवा आर-१२९ या सुरक्षा मानकाचं लेबल हवं. आर-४४ चं लेबल नारिंगी असतं. दीड वर्षाच्या मुलीला अजून मागे तोंड करूनच बसवलेलं चांगलं, कारण या वयात डोकं जड आणि मान कच्ची असते. जोरात ब्रेक लागला तर धक्का सीटच्या पाठीने झेलला पाहिजे, मानेने नाही. नेमकी अशी उलटी सीटच छोट्या गाडीत सगळ्यात जास्त जागा खाते. तिचं डोकं टेकायचं टोक पुढच्या सीटच्या पाठीला भिडतं आणि पुढची सीट पुढे सरकवावी लागते. मग तिथे बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला लागतात का, हे तिथल्या तिथे बघा.

सीट मागे डाव्या बाजूला बसवा. मूल फुटपाथच्या बाजूने उतरतं आणि गाडी चालवणाऱ्यालाही मान वळवली की दिसतं. मागच्या सीटची बैठक आणि पाठ यांच्या फटीत बोटं घालून आयसोफिक्सचे (चाइल्ड सीट थेट गाडीच्या सांगाड्याला अडकवायचे) लोखंडी आकडे हाताला लागतात का बघा. 'आहे साहेब' या उत्तरावर विसंबू नका, वरच्या पट्ट्याचा हूक कुठे आहे तेही दाखवायला सांगा. एक मोह मात्र टाळा: उलटी चाइल्ड सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीही लावायची नाही.

मग आई-वडील आल्यावर काय? चाइल्ड सीटची रुंदी साधारण ४४-४५ सेंटिमीटर. तिच्या शेजारी दोन मोठी माणसं कराडपर्यंत आरामात बसतील अशी ४ मीटरच्या आतली गाडी मला तरी माहीत नाही. कात्रजपर्यंत बसतील, पण सातारा यायच्या आत एकाची कंबर बोलायला लागेल. आई-वडील वर्षातून चार वेळा येत असतील तर हे चालवून घ्या. महिन्यातून दोनदा सगळे मिळून फिरणार असाल तर तुमचा प्रश्नच बदलतो. मग त्यातल्या त्यात रुंद मागची सीट असलेली बलेनो, आल्ट्रोझ, आय-२० किंवा जॅझ वापरलेली बघणं जास्त शहाणपणाचं. जॅझ आता नवीन मिळत नाही, पण आतली जागा या सगळ्यांत मोकळी.

डिकीचे आकडेही बघा. टियागो २४२ लिटर, स्विफ्ट २६५, बलेनो ३१८, वॅगन-आर ३४१, आल्ट्रोझ ३४५, पंच ३६६, डिझायर ३८२. मात्र लिटरपेक्षा तोंडाची रुंदी आणि डिकीचा ओठ किती उंच, हे महत्त्वाचं. बाबागाडी घडी करून सोबत न्या आणि प्रत्यक्ष ठेवून बघा. सेल्समन हसला तर हसू दे.

सुरक्षेच्या ताऱ्यांबद्दल. ग्लोबल एनकॅपच्या (गाड्या धडकवून सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेच्या) चाचणीत २०२० मध्ये आल्ट्रोझला मोठ्यांसाठी ५ आणि टियागोला ४ तारे मिळाले, २०२१ मध्ये पंचला ५. जुन्या स्विफ्टला २०२२ मध्ये १, वॅगन-आरला २०२३ मध्ये १ आणि मुलांच्या सुरक्षेसाठी शून्य. नव्या डिझायरला नोव्हेंबर २०२४ मध्ये ५. पण २०२२ च्या मध्यात नियम कडक झाले. बाजूची धडक, ईएसपी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) वगैरे त्यात आलं. त्यामुळे आधीचे तारे आणि नंतरचे तारे एकाच तराजूत घालू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली भारत एनकॅप सुरू झाली आहे, तिचा निकाल असेल तर तो आधी वाचा, आणि त्यातही मुलांच्या सुरक्षेचा रकाना वेगळा वाचा. 'आता सहा एअरबॅग दिल्यात' हे ऐकून लगेच निश्चिंत होऊ नका. एअरबॅग माणसाला झेलते, पण सांगाडा चेपला तर तिला उघडायला जागाच उरत नाही. वॅगन-आर हिंडा-फिरायला, चढा-उतरायला फार सोयीची गाडी आहे, ज्येष्ठांना तर आवडतेच. महिन्यातून एकदा बाळाला घेऊन हायवेवर जाणाऱ्या घराला मी ती सुचवणार नाही.

इंजिनाचं ठरवताना खंबाटकीसारखा चढ डोळ्यांसमोर आणा. चार माणसं, सामान, मे महिना, एसी चालू आणि पुढे भरलेला ट्रक. १ लिटरचं साधं इंजिन ६७ च्या आसपास अश्वशक्ती आणि ८९ न्यूटन-मीटर टॉर्क देतं, १.२ लिटरचं ८० ते ९० अश्वशक्ती आणि ११०-११५ न्यूटन-मीटर. शहरात फरक कळत नाही. घाटात मात्र लहान इंजिन दुसऱ्या गिअरवर गुरगुरत राहतं आणि ओव्हरटेकसाठी एसी बंद करायची वेळ येते. म्हणून १.२, आणि तेही टर्बो नसलेलं. टर्बोला मजा आहे, पण ऑइल वेळेवर आणि बरोबर ग्रेडचंच लागतं, आणि वॉरंटी संपल्यावर बिघडायच्या वस्तू वाढतात. महिन्याला साडेसहाशे किलोमीटरसाठी कशाला?

ऑटोमॅटिक घ्यावी का, याचं उत्तर कुठली ऑटोमॅटिक यावर आहे. तुमच्या बजेटात येते ती एएमटी. ती म्हणजे नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला हात-पायांऐवजी यंत्र. म्हणजे क्लच प्लेट आहेच आणि ती झिजतेच. नवले पुलाखाली रांगेत सरकताना ती सारखी अर्धी धरलेली राहते. चढावर लोक ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी थोपवून धरतात, तिथे प्लेट जळते. वास आला की समजा, काही हजार रुपये गेले. थांबायचं तर ब्रेकवर थांबायचं, मिनिटभराच्या वर थांबणार असाल तर न्यूट्रल. क्लच बदलल्यावर स्कॅनर लावून त्या यंत्राला नव्याने शिकवणी द्यावी लागते, ती गल्लीतला प्रत्येक मेकॅनिक करू शकत नाही. नवीन चालकासाठी मी एएमटीला हो म्हणेन, पण हिल-होल्ड (चढावर गाडी मागे सरकू न देणारी सोय) असलेल्या व्हेरिएंटमध्येच आणि वाढीव वॉरंटी घेऊन. सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) जास्त गुळगुळीत चालते. वापरलेल्या होंडात ती मिळेल, पण तिचं ऑइल वेळापत्रकाप्रमाणे बदलल्याची पावती बघितल्याशिवाय घेऊ नका. कोरड्या क्लचची डीसीटी (दोन क्लचची ऑटोमॅटिक) पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये तापते, वापरलेली तर अजिबात नको.

गिअर कुठलाही असो, परतताना कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाकडे जो उतार लागतो तो गिअरमध्येच उतरायचा. तिथे न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवायला जाणारे स्वतःचेच ब्रेक तापवून घेतात. एएमटीत त्यासाठी मॅन्युअल मोडवर तिसरा धरून ठेवा.

पार्किंगची एक गोष्ट बुकिंगच्या आधी बघायची असते आणि सगळे नंतर बघतात. तुमच्या सोसायटीत एकावर एक गाड्या ठेवायचं यांत्रिक पार्किंग असेल तर त्यावरची पाटी वाचा: उंची किती आणि वजन किती चालतं. अनेक ठिकाणी खालच्या ताटात १,५५० मिलिमीटरच्या वरची गाडी जात नाही. बलेनो १,५००, स्विफ्ट १,५२०, टियागो १,५३५, या बसतात. पंच १,६०० च्या वर आणि वॅगन-आर १,६७५, या अडकतात. आणि टेस्ट ड्राइव्ह एकट्याने घेऊ नका. घरची चार माणसं बसवून आपल्याच रस्त्यावरच्या स्पीड ब्रेकरवरून न्या. पुण्यातले काही स्पीड ब्रेकर कुठल्या मापात बसतात देव जाणे, पण पोट घासतं की नाही ते पाच मिनिटांत कळतं.

आता पैसे. ८ लाख ऑन-रोड म्हणजे एक्स-शोरूम किती? महाराष्ट्रात १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स ११ टक्के. विमा साधारण ३५ ते ४० हजार, त्यावर नोंदणी, फास्टॅग वगैरे किरकोळ. उलटं मोजत गेलं तर एक्स-शोरूम ६ लाख ८० हजारांच्या आसपास थांबायला हवं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. आधी सेस धरून २९ होता. त्यामुळे याच पैशांत आता एक व्हेरिएंट वरचा मिळतो. जुने ब्लॉग आणि व्हिडिओ बघून भाव ठरवू नका.

कोटेशनमध्ये 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक', 'एसेन्शियल किट' अशा ओळी असतील तर त्या काढायला सांगा. विमा शोरूमचाच घ्यायची सक्ती नाही. बाहेरून दोन कोटेशन आणलीत की शोरूमचा भाव आपोआप खाली येतो, फक्त दोन्हीकडची आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) सारखी आहे ना ते बघा. झीरो डेप्रिसिएशन (क्लेममधून सुट्या भागांची घट न कापणारं विमा कव्हर) पहिली तीन-चार वर्षं घ्या, विशेषतः नवीन चालक असताना. बंपर आणि आरसे जातातच.

व्हेरिएंट निवडताना सर्वांत खालचा नको आणि सर्वांत वरचाही नको. मागच्या काचेला वायपर आणि डिफॉगर (पावसाळ्यात हॅचबॅकची मागची काच चिखलाने पूर्ण बंद होते), वर-खाली होणारे हेडरेस्ट, ड्रायव्हर सीटची उंची बदलायची सोय, ईएसपी. हे नंतर बाहेरून बसवता येत नाही. म्युझिक सिस्टीम आणि कॅमेरा येतात. सनरूफचे पैसे चाइल्ड सीटला वापरा.

कर्जाचं एकच सांगतो. ६ लाख, ९ टक्के: पाच वर्षांना हप्ता सुमारे १२,४५५, सात वर्षांना ९,६५३. हप्ता २,८०० ने हलका दिसतो, पण व्याज १ लाख ४७ हजारांऐवजी २ लाख ११ हजार जातं. आणि सातव्या वर्षी तुम्ही टायर, बॅटरी, क्लचचा खर्च आणि हप्ता दोन्ही एकदम भरत असता. पाच वर्षांचा हप्ता झेपत नसेल तर गाडी एक पायरी खालची घ्या.

इथवर जमा झालं ते असं: पेट्रोल, १.२ लिटर, मधला व्हेरिएंट, एएमटी चालेल, मागची सीट आणि पार्किंग मोजून. या मापात नवीनमध्ये मी तीन नावं बघेन: पंच, डिझायर आणि टियागो. पार्किंगच्या उंचीने पंच बाद झाली तर डिझायर. तिची डिकी तुमच्या गावच्या फेऱ्यांना सोयीची, पण मधला व्हेरिएंट आकड्यात बसतो का ते बघावं लागेल. टियागो तिघांत स्वस्त, वरचा व्हेरिएंट बजेटात येतो, पण मागची जागा आणि डिकी लहान. शेवटी निवड धायरी-नऱ्हे भागात कुठल्या सर्व्हिस सेंटरचं काम लोकांना पटतंय यावर करा. कंपनी तीच असली तरी वर्कशॉपगणिक फरक पडतो. सोसायटीतल्या चार जणांना विचारा.

आता वापरलेली घ्यायची ठरली तर, कारण त्यात खरी मेहनत आहे. पहिली चाळणी तारखांची. एप्रिल २०१९ पासून एबीएस, जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, मागचे पार्किंग सेन्सर आणि सीट बेल्टचा अलार्म सक्तीचे झाले. पुढच्या दोन्ही एअरबॅग सर्व मॉडेलना सक्तीच्या झाल्या त्या २०२१ सरता सरता. एप्रिल २०२० पासून बीएस-६. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या २० टक्के इथेनॉल चालेल अशा साहित्याच्या. त्याआधीच्या गाड्या १० टक्क्यांच्या हिशोबाने बनलेल्या, त्यात ॲव्हरेज थोडं घटतं आणि इंधनाच्या रबरी नळ्या, सीलवर लक्ष ठेवावं लागतं. म्हणून माझी पसंती २०२२-२३ च्या मॉडेलला, त्यातही एप्रिल २०२३ नंतरची मिळाली तर उत्तम. भाव करताना विकणारा 'मी एवढ्याला घेतली होती' म्हणेल. तुम्ही त्याच मॉडेलची आजची नवीन किंमत धरा, जीएसटी उतरल्यानंतरची.

दुसरी चाळणी कागदांची, गाडी बघायला जायच्या आधी. आरसीवर मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, आणि गाडी आधी टुरिस्ट परमिटवर होती का. पिवळ्या पाटीवरून पांढरीवर आलेल्या सीएनजी गाड्या बाजारात बऱ्याच फिरतात. चालू विम्याची पॉलिसी मागा आणि नो-क्लेम बोनसचा रकाना बघा. एकदाही क्लेम न घेता तो दरवर्षी २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढत जातो. चार वर्षं एकाच हातात असलेल्या गाडीच्या पॉलिसीत शून्य दिसला तर बहुधा गेल्या वर्षी क्लेम झालाय. कशाचा, ते विचारा. ई-चलनं ॲपवर नंबर टाकून तपासा, बाकी असतील तर विकणाऱ्याने भरून द्यायची. एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (सक्तीची नवी सुरक्षा नंबरपाटी) बसवली आहे का बघा.

तिसरी चाळणी गाडीची. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा, गरम असेल तर थंड इंजिनाचा आवाज तुमच्यापासून लपवला गेलाय. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो: २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. मीटर २८,००० दाखवतो आणि टायर गाडीपेक्षा दोन वर्षांनी नवे, तर मीटरला हात लागलाय असं समजून पुढे चला. ब्रेक पेडलचं रबर, स्टिअरिंगची झिलई, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड, ही तिन्ही खोटं बोलत नाहीत. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चासी नंबरवरून सर्व्हिसचा इतिहास निघतो. मालकाला सोबत घेऊन जा आणि काढा.

अपघात शोधायचा तो चकचकीत पत्र्यावर नाही, कडांवर. बॉनेटचे आणि दारांच्या बिजागरीचे बोल्ट बघा. पाना लागलेल्या बोल्टवरचा रंग उडालेला असतो. काचांवरच्या शिक्क्यांत एखादीच काच वेगळ्या वर्षाची असेल तर ती का बदलली ते विचारा. दाराचा रबर ओढून आतली स्पॉट वेल्डिंग बघा: कंपनीची टिंबं एकसारख्या अंतरावर असतात, गॅरेजची वाकडी-तिकडी. बंपर, दार, फेंडर बदललेलं चालतं, भाव कमी करून घ्या. पुढचा एप्रन (बॉनेटखालचा आतला पत्रा), चासीचे पाय (सांगाड्याचे पुढचे दांडे) किंवा छताचे खांब ठोकलेले असतील तर फुकट दिली तरी घेऊ नका. पुढच्या धडकेत तुमच्या मुलीला वाचवायचं काम त्याच भागांचं असतं.

पुण्यात पाण्याची तपासणी वेगळी करावीच लागते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरात आणि २५ जुलै २०२४ ला तुमच्याच सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात गेल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, तिथल्या गाड्याही इकडे विक्रीला येतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. धुतलेल्या गाडीतही पट्ट्याच्या तळाच्या हातभरावर मातकट रेघ राहते. सीटखालच्या रुळांवर आणि स्प्रिंगवर गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, हेडलाइटच्या आत धुरकट थर, फ्यूजबॉक्समध्ये हिरवट कीट. यातलं काहीही एक दिसलं तरी परत फिरा. बुडालेली गाडी लगेच बंद पडत नाही. वर्षभराने एकेक सेन्सर आणि वायरिंगचा जोड सोडायला लागते आणि दोष सापडत नाही.

मग चालवून बघा. पूर्ण थंड असताना सुरू करून दोन मिनिटं नुसतं ऐका. एसी पूर्ण लावून रेडिएटरचा फॅन चालू होतो का बघा. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडा, एकदाच: इंजिन लगेच बंद पडायला हवं. फिरत राहिलं तर क्लच संपलाय. खडबडीत रस्त्यावर पुढून खडखड म्हणजे सस्पेन्शनमधले लिंक रॉड किंवा लोअर आर्मचे बुश, तो खर्च मर्यादित. साठच्या वर विमानासारखा घूं आवाज म्हणजे व्हील बेअरिंग. शेवटी स्कॅनर लावा, आणि त्यात नुसते एरर कोड नाही तर 'रेडिनेस' (गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतः केलेल्या तपासण्या) पूर्ण आहे का तेही बघायला सांगा. ते अपूर्ण असेल तर कुणीतरी काल-परवाच कोड पुसलेत. गाडी वरच्या रॅम्पवर चढवून पोट बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

सगळं पटलं तरी बजेटमधले ४०-५० हजार बाजूला ठेवा. टायर, बॅटरी, सगळी ऑइलं आणि कूलंट पहिल्या महिन्यातच होतं. व्यवहारात गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही, बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत आणि तो उतरवायचा फॉर्म ३५, आणि तारीख-वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोट. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. विकणाऱ्याचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो, हे किमतीत धरा.

तुमच्या परिस्थितीत, महिन्याला साडेसहाशे किलोमीटर, एक शिकाऊ चालक आणि गाडी तपासायला वेळ कमी, मी नवीन मधल्या व्हेरिएंटकडे झुकतो. आई-वडील वरचेवर सोबत असणार असतील तर वापरलेली मोठी, आणि वरची तपासणी एकही पायरी न गाळता.

राहिला मुहूर्त. डिसेंबरमध्ये सूट मिळते ती उत्पादनाचं वर्ष बदलणार म्हणून. पुढे विकताना बाजार नोंदणीची तारीख बघतो तसं उत्पादनाचं वर्षही बघतो. तुम्ही आठ-दहा वर्षं गाडी ठेवणार असाल तर डिसेंबरची सूट घ्या, चार वर्षांत विकणार असाल तर तो फायदा तिथेच परत जातो. पाडव्याला घ्यायची तर हरकत काहीच नाही, फक्त गाडी मागच्या वर्षाची देत नाहीत ना ते चासी नंबरवरून उत्पादनाचा महिना काढून बघा. आणि त्या दिवशी शोरूममध्ये पेढे, हार आणि फोटोंच्या गर्दीत कुणी काही तपासू देत नाही. म्हणून आठवडाभर आधी, नोंदणी व्हायच्या आत, यार्डात दिवसाउजेडी जाऊन गाडी बघा: मीटर पन्नासच्या आत, पाचही टायर एकाच सुमाराचे, बॅटरीवरची तारीख ताजी, चारही बाजूंचा रंग एकसारखा, आणि मागच्या सीटमधले आयसोफिक्सचे आकडे जागेवर. खोट निघाली तर नोंदणीच्या आधी गाडी बदलून मागता येते, नंतर फक्त दुरुस्त करून मिळते.